पत्र्याच्या डब्यातली नदी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणावरचं चित्र केव्हाच उडून गेलं, कडांना गंज चढला. दूधनाक्यावरचं जुनं घर गेलं, नवी इमारत आली, तरी डबा काही हरवला नाही. त्यात अब्बांचं मासे धरायचं सामान आहे. अब्बा कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते. सुट्टीच्या दिवशी फजरची नमाज आटोपली की खाडीवर जायचं आणि गळ टाकून बसायचं, एवढाच त्यांचा शौक. त्यांच्याशेजारी तासन् तास बसून मी कविता करायला शिकलो. मासे धरायला नाही. पुढे बी. ए. झालो, नोकरीला लागलो, अब्बा गेले आणि डबा माळ्यावर जाऊन बसला.

गेल्या वर्षी उन्हाळा संपत आला असताना माझा भाचा डोंबिवलीहून आला आणि त्याने माझ्या हातावर एक विचित्र चीज ठेवली. सेफ्टी पिन उघडून धरावी तशी वाकवलेली पोलादी तार. तिच्या खालच्या टोकाला शिशाचं छोटं डोकं, त्यातून निघालेला गळ, गळाभोवती रबराच्या बारीक पट्ट्यांची झालर. वरच्या टोकाला पितळेचं एक पातं, फुंकर मारली तरी गरगरणारं. याला स्पिनरबेट म्हणतात, त्याने सांगितलं. मोबाइलवरून मागवलं होतं. अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी वापरतात म्हणे.

‘‘मामू, हे पाण्यात सरळ चालत नाही. आडवं पडतं. नाना असते तर त्यांनी सांगितलं असतं.’’

नाना नव्हते, त्यांचा डबा होता. तो माळ्यावरून काढला. आत काळे पडलेले साधे गळ, शिशाचे मणी, बाटलीच्या बुचाचा तरंगा, आणि कापडात गुंडाळलेला एक चपटा, चमच्यासारखा धातूचा तुकडा, मागे तीन तोंडांचा गळ लावलेला. साधा गळ, चमचा आणि भाच्याचं स्पिनरबेट अशा तीन वस्तू जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. तिन्ही मासा धरण्यासाठीच, पण तिन्ही वेगवेगळ्या पाण्यासाठी घडलेल्या. त्यांचा क्रम लावू लागलो आणि आमच्या उल्हास नदीच्या पाण्याचाच इतिहास समोर येऊ लागला. आज त्याविषयी बोलायचं आहे.

आधी या बासचा खुलासा करून टाकू. अमेरिकेतला बास आपल्या नद्यांत नाही. पण मोठ्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर ‘एशियन सीबास’ म्हणून जो महागडा मासा असतो, तो म्हणजे आपला जिताडा. दोघांची कुळं वेगळी, नातं लांबचं. स्वभाव मात्र सख्ख्या भावांसारखा. दोघंही आडोशाला दबा धरून बसणारे आणि समोरून काही थरथरत, चमकत गेलं की झडप घालणारे. जिताड्याचं शास्त्रीय वर्णन ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने १७९०मध्ये केलं. कलकत्त्याचे इंग्रज याच माशाला ‘कॉकअप’ म्हणत आणि मिटक्या मारत खात. बंगाल्यांची भेटकी ती हीच. रायगडात पेण-अलिबागकडे खारभूमीतल्या तळ्यांत जिताडा वाढवतात, आणि साहेबाच्या घरी जिताडा पोचला की अडलेलं काम सुटतं, अशी थट्टा तिकडे ऐकायला मिळते.

या माशाची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि काही वर्षांनी, अंगाने थोराड झाल्यावर, मादी होतो. म्हणजे मोठे मोठे जिताडे वेचून मारले, तर पाण्यात उरतात ते सगळे नर. दुसरं असं की तो गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या मधला प्रवासी आहे. अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे उतरतो आणि पिल्लं भरतीबरोबर वर सरकतात. आमच्या कल्याणपर्यंत भरतीचं पाणी चढतं. म्हणून तर पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आमच्या गावाचं नाव बंदर म्हणून आलं, आणि म्हणूनच लहानपणी दुर्गाडी किल्ल्याखाली मी अब्बांच्या हातात जिताडा पाहिला. कंदिलाच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल दिसत.

आता साध्या गळाकडे वळू. हे साधन किती जुनं आहे, याचा शोध घेताना मला एका दुसऱ्याच कल्याणला जावं लागलं. चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. नावामुळे आमच्या गावातले काही उत्साही लोक तो मान उल्हासच्या काठाला देऊ पाहतात. तो मोह टाळलेला बरा. तिथे बाराव्या शतकात राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ आहे, साधारण ११२९चा. वीस वीस अध्यायांचे पाच भाग, एकूण शंभर अध्याय. राजाने काय खावं, हत्ती कसे पाळावेत, गाणं कसं ऐकावं, सगळं त्यात आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला हा ग्रंथ ठाऊक असतो तो वेगळ्या कारणाने: महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आहे. बी. ए.ला आम्ही तेवढं पाठ केलं आणि पुढे गेलो. त्याच ग्रंथात मनोरंजनाच्या भागात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे आणि ते गळाने मासे धरण्याविषयी आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर समजलं!

त्यात माशांचे समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे आणि लहान असे प्रकार केले आहेत. रोहित, पाठीन अशी नावं आहेत. कोणत्या माशाला कोणता चारा आवडतो, काठी कशी, दोरी कशी, हेही आहे. मला सगळ्यात गंमत वाटली ती पद्धतीची. मासे जिथे धरायचे तिथे आधी त्यांना रोज खाऊ घालायचं. ते पुष्ट झाले, जागेला सरावले, की मग गळ. राजाचा खेळ असा सावकाश चालायचा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादित केला आणि १९५१मध्ये डॉ. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने ‘मत्स्यविनोदा’वर इंग्रजीत सविस्तर लेख लिहून जगाचं लक्ष त्याकडे वेधलं. गळाच्या मासेमारीवरचं इंग्रजीतलं पहिलं छापील पुस्तक १४९६चं आहे. आपला राजा त्याच्या साडेतीनशे वर्षं पुढे होता.

साध्या गळात फसवणूक असते, पण निम्मीच. टोक लपवलेलं असलं तरी चारा खरा असतो. अब्बा जिवंत कोळंबी लावायचे, तीही अशी की ती पाण्यात वळवळत राहावी. मराठीत आपण एखाद्याला ‘गळ घालतो’, म्हणजे आग्रह करतो, विनवतो. माणसाच्या आर्जवाला मासे धरायच्या काट्याचं नाव कसं मिळालं, याचं मला नेहमी नवल वाटतं. आमिष दाखवणं वाईट, गळाला लागणं त्याहून वाईट, पण गळ घालणं मात्र प्रेमाचं.

अब्बांचे गळ नॉर्वेच्या मस्टॅड कंपनीचे. हे नाव किनाऱ्यावर कोळ्यांच्या पोरांनाही माहीत असतं. आधी गळ म्हणजे इंग्लंडमधल्या रेडिच गावचे. तिथे सुया आणि गळ हाताने घडवणाऱ्यांची वस्तीच होती. मग १८७७मध्ये मस्टॅडच्या कारखान्यात मॅथियास टॉप या कारागिराने तार आत घालून गळ बाहेर काढणारं यंत्र बसवलं आणि गळ स्वस्त झाला. स्वस्त गळ, बांबूची काठी, खाडीतली कोळंबी, खर्च जवळजवळ नाहीच. शेडमधल्या फिटरला परवडणारी ती एकमेव चैन होती.

दुसरी वस्तू, चमचा. याचं घराणं वेगळं. सांगतात ते असं, की अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ज्युलिओ ब्युएल नावाचा तरुण तळ्यावर खात बसला होता, हातातला चमचा पाण्यात पडला आणि हेलकावे घेत बुडणाऱ्या त्या चमच्यावर एका मोठ्या माशाने झडप घातली. गोष्ट खरी असो वा रचलेली, ब्युएलने चमच्याच्या गळाचं पेटंट १८५२मध्ये घेतलं हे नक्की. या साधनात चारा मुळीच नाही. नुसती चमक आणि हेलकावा. मासा भुकेने येतो, रागाने येतो, कधी नुसत्या सवयीने येतो.

हा चमचा हिंदुस्थानात आला तो साहेबांच्या पेटीतून. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस दक्षिण कानडाचे कलेक्टर होते. त्यांचं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३मध्ये मंगळूरला छापलं गेलं. वाहत्या, नितळ पाण्यातल्या महासीर माशाला फिरत्या आमिषाने कसं धरायचं, याची त्यात इतकी बारीक चर्चा आहे की कलेक्टरसाहेब कचेरीत कधी बसत असतील असा प्रश्न पडतो. पण त्याच माणसाने त्याआधी, १८७०मध्ये, नद्यांमधले मासे राखण्याविषयी सरकारला अहवालही दिला होता. शौकीन माणूस पाण्याकडे नीट पाहतो, त्यामुळे पाणी बिघडलं की पहिल्यांदा त्याला कळतं.

आमच्या डब्यातला चमचा मात्र कलेक्टराकडून आलेला नाही. कल्याणच्या रेल्वे कॉलनीत तेव्हा पुष्कळ अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. त्यातले एक इंजिन ड्रायव्हर अब्बांचे खाडीवरचे सोबती. अब्बा कोळंबीवाले, ते चमचेवाले. दोघांत नेहमी वाद. अब्बांचं म्हणणं, ‘‘खायाला काय देत नाय आनि बोलावतो, ह्यो कसला पाहुनचार?’’ साहेब हसायचे आणि पुन्हा चमचा भिरकावायचे. १९७९च्या सुमारास ते कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला गेले. जाताना चमचा अब्बांच्या हातात ठेवला. दोन वर्षांनी त्यांचं पत्र आलं, आत एक फोटो. हातभर मासा छातीशी धरून साहेब उभे. मागे लिहिलं होतं की इथे याला बारामुंडी म्हणतात, पण तू ओळखशील. अब्बांनी एका नजरेत ओळखलं. जिताडा! हिंदी महासागराच्या त्या टोकालाही तोच मासा. अब्बांनी तो फोटो किती जणांना दाखवला असेल!

चमचा चालायचा कारण पाणी तसं होतं. चमक दिसायला पाण्यात उजेड शिरावा लागतो. उल्हास राजमाचीच्या दरीतून निघते, कर्जत-बदलापूरवरून आमच्याकडे येते. पावसाळा सरला की गांधारीच्या वरच्या अंगाला तळाचे गोटे दिसत, हे मी स्वतः पाहिलं आहे. तिथे अब्बा कधीमधी चमचा टाकून मरळ धरायचे. मरळीच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. पाण्यावर लालसर पिल्लांचा झुबका दिसला की आईबाप खाली राखणीला असतात आणि जवळ गेलेल्या कशावरही तुटून पडतात. तेव्हा त्यांना धरणं अगदी सोपं. अब्बा अशा वेळी काठी गुंडाळून ठेवायचे. ‘‘पोरं असलेल्या घरात चोरी नाय करायची,’’ एवढंच म्हणायचे.

मग ते गोटे दिसेनासे कधी झाले? एक तारीख सांगता येत नाही. अंबरनाथला १०६०मधलं शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. त्याच्या पायाशी वालधुनी वाहते आणि उल्हासनगरातून येऊन कल्याणला उल्हासला मिळते. फाळणीनंतर छावण्यांचं शहर झालं, अंबरनाथ-डोंबिवलीत कारखाने उभे राहिले, पुढे जीन्स रंगवण्याचा धंदा वाढला. लोकांना पोट होतं, काम हवं होतं. त्यांना दोष देऊन भागत नाही. पण वालधुनी कधी निळी, कधी तांबडी वाहू लागली. नोव्हेंबर २०१४मध्ये तिच्या पात्रात टाकलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरात शेकडो माणसं गुदमरून रुग्णालयात गेली. माशांची मोजदाद कोणी करत नाही.

इथे एका जुन्या कायद्याची आठवण होते. पाण्यात विष किंवा चुना टाकून, सुरुंग लावून मासे मारू नयेत म्हणून इंग्रज सरकारने १८९७मध्ये भारतीय मत्स्य कायदा केला. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. पण विषाच्या कलमात एक शब्द आहे: हेतू. मासे धरण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने विष टाकलं तर गुन्हा. ओढ्यात चुना टाकून चार मासे धरणारा आदिवासी त्यात सापडायचा. ज्याला माशांशी काही देणंघेणंच नाही, असा रंगाचा हौद नदीत सोडणारा सापडत नव्हता. त्याच्यासाठी केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा यायला १९७४ साल उजाडलं. तोवर, आणि त्यानंतरही, पाणी गढूळ होतच गेलं. सांडपाण्याने पोसलेली जलपर्णी पसरली. अब्बांचा चमचा अशा पाण्यात दोन कारणांनी निकामी झाला. चमक दिसेना, आणि मागचा तीन तोंडांचा गळ दर फेकीला जलपर्णीची मुळं ओढून आणी. १९९०च्या आसपास त्यांनी तो कापडात गुंडाळून डब्यात ठेवला. त्यानंतर पुन्हा काढल्याचं मला आठवत नाही.

आता भाच्याच्या स्पिनरबेटकडे या. ते तयार झालंच मुळी अशा पाण्यासाठी. अमेरिकेतला बास लव्हाळ्यात, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत राहतो. तिथे उघडा गळ टिकत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तिकडच्या कारागिरांनी तार अशी वाकवली की वरची दांडी गळाच्या पुढे ढालीसारखी राहावी. गवत, फांदी, मूळ आधी तारेला लागतं आणि गळ त्याच्या आडून सुटून पुढे जातो. दुसरी करामत पात्याची. माशाच्या दोन्ही कुशींवर एक रेघ असते. तिने तो पाण्यातली थरथर ओळखतो, काही दिसत नसलं तरी. गोल पातं पाणी ढवळतं, दणदण थरथर करतं आणि हळू ओढलं तरी फिरतं. विलोच्या पानासारखं लांबट पातं वेगाने फिरतं, चमकतं जास्त, थरथरतं कमी. म्हणजे गढुळात गोल, निवळशंखात लांब. चमचा डोळ्यांसाठी होता. हे गोल पातं कानांसाठी आहे, असं म्हटलं तरी चालेल.

भाच्याने लांब पातं लावलं होतं, चमक छान दिसते म्हणून! आमच्या पाण्यात ते कोणाला दिसणार?

पण आडवं पडण्याचं कोडं वेगळं होतं. ते सोडवायला आम्ही दोघं एका रविवारी गांधारी पुलाखाली गेलो. अब्बांचं एक वाक्य मला पाठ आहे: ‘‘आधी पानी वाच, मग दोरी सोड.’’ काठाशी हातभर पाण्यात ते ओढून पाहिलं. दोन चुका सापडल्या. भाच्याने दोरी तारेला थेट बांधली नव्हती. मध्ये उघडझाप करणारी कडी घातली होती, बदलायला सोपं जावं म्हणून. या तारेचा मधला मोड उघडा असतो. कडी तिथून सरकून वरच्या दांडीवर चढत होती आणि मग ओढ भलत्याच जागी बसत होती. कडी काढून टाकली आणि दोरी मोडातच गाठ मारून आवळली. गाठ ओली करून आवळायची, कोरडी आवळली तर दोरी भाजते. ही अब्बांची शिकवण मला कशी कोण जाणे, आठवली. दुसरी चूक टपालात झाली असावी: वरची दांडी डावीकडे थोडी कलली होती. समोरून पाहिलं की दांडी आणि गळ एका रेषेत दिसले पाहिजेत. पक्कड घेऊन केसभर वाकवली. पुन्हा ओढलं. आता ते उभं चालू लागलं, पातं वर, गळ खाली, झालर श्वास घेतल्यासारखी फुलत-मिटत. भाचा म्हणाला, ‘‘मामू, ही तर कोळंबी वाटते.’’ खरंच वाटत होती. अब्बांच्या कोळंबीला साहेबांचा चमचा जोडला तर असंच काही तयार झालं असतं. दोघांचा वाद मिटायला चाळीस वर्षं लागली.

भाच्याने मागे एक जादा गळही अडकवला होता. हा रबरी नळीच्या तुकड्याने घट्ट बसवतात, नुसता शेपटीला चावून सुटणारा मासा त्यात अडकतो. मोकळ्या पाण्यात ठीक, पण जलपर्णीत तो पुन्हा मुळं ओढणार, ढालीचा उपयोग संपणार. काढायला लावला. झालर गळाच्या थोडी मागेपर्यंत राहील एवढी कात्रीने कापली. गोल पातं बसवलं.

एक गोष्ट राहिली आणि ती दोघांच्याही लक्षात आली नाही. पुढच्या रविवारी संध्याकाळी, भरती चढत असताना, आम्ही दुर्गाडीच्या अलीकडे गेलो. इथेच शिवाजी महाराजांनी १६५७मध्ये कल्याण घेतल्यावर आरमाराची सुरुवात झाली, असं शाळेत शिकलो होतो. आता पुलांवरून वाहनांची रांग आणि खाली जलपर्णीचे तराफे, त्यात अडकलेले निर्माल्याचे डबे, पिशव्या. भाचा कडेकडेने फेकत होता. स्पिनरबेट हिरव्या तराफ्यावर पडायचं, घसरून पाण्यात उतरायचं, आणि मुळांमधून अलगद निघून यायचं. चमचा दहा वेळा अडकला असता. तास-दीड तास काही नाही. एकदा प्लॅस्टिकची पिशवी आली, एकदा एक चिलापी, तीही तोंडाने नव्हे, पोटाला अडकून. बिचारीला सोडून दिलं.

अंधार पडता पडता दोरी एकदम ताठ झाली. चिलापीची ओढ अशी नसते. काठी वाकली, रीळ करकरलं, पंधरा-वीस हात अंतरावर पाणी फुटल्याचा मोठा आवाज झाला, आणि भाच्याच्या हातात काठी सरळ झाली. दोरी गुंडाळून पाहिली. टोक वस्तऱ्याने कापावं तसं साफ. गाठ सुटली नव्हती, दोरी ताणून तुटलीही नव्हती. तशी तुटली की टोकाला धागे विस्कटतात.

जिताड्याच्या कल्ल्यावरचं झाकण धारदार असतं. मान झटकली की साधी दोरी कापून जातो. म्हणून जाणकार दोरीच्या पुढे हातभर जाड, चिवट लीडर बांधतात. अब्बा तिथे दुपदरी दोरी वापरायचे, ते मला आता आठवलं. एखाद्या बुडलेल्या काचेनेही दोरी कापली असेल. मी भाच्याला तसं सांगितलंही. पण काच पाणी फोडून वर येत नाही.

माशाच्या तोंडात गळ राहिला असेल, याची रुखरुख मला लागली. अब्बांनी दोघांनाही बोल लावले असते. भाचा मात्र बराच वेळ त्या कापलेल्या टोकाकडे मोबाइलच्या उजेडात पाहत होता. घरी येईपर्यंत त्याने रिक्षातच नवीन दोन मागवले होते, गोल पात्याचे. पाऊस तोंडावर आला होता. दिवाळीनंतर पाणी थोडं निवळलं की लांब पातंही लावून बघू, असं तो म्हणत होता. मग थांबून विचारलं,

‘‘मामू, लीडर किती पौंडाचा घेऊ?’’

‘‘चाळीस,’’ मी म्हटलं.